युद्धकाळातील पत्रे आणि छायाचित्रे डिजिटल करून देणारी सेवा: आमचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आमच्या आजोबांची पत्रे, छायाचित्रे आणि त्यांनी सांगितलेल्या आठवणींची एक कॅसेट डिजिटल स्वरूपात करून घेण्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. छायाचित्रांचे काम उत्तम झाले आहे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतील चांदी कालांतराने पृष्ठभागावर येऊन गडद भागांवर आरशासारखी चकाकते आणि साध्या स्कॅनरवर त्याचे पांढुरके डाग उमटतात. येथे मात्र प्रकाशाचा कोन साधल्यामुळे आजोबांच्या गणवेशाची बटणेसुद्धा मोजता येतात.

पत्रांत काही एअरग्राफ होते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत, विमानातील टपालाचे वजन वाचावे म्हणून पत्राचे मायक्रोफिल्मवर चित्रण होई आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याची छोटी प्रत छापून घरपोच दिली जाई. ही बारीक अक्षरे मोठी करून वाचायची असल्यास जास्त डीपीआयचा, म्हणजे स्कॅनमध्ये दर इंचाला जास्त बिंदूंचा, आग्रह धरावा. तो आम्हाला धरावा लागला.

कॅसेटच्या बाबतीत मात्र निराशा झाली. खरखर काढताना त्यांनी, आम्हाला न विचारता, मधली शांतताही कापून टाकली. एका मित्राचे नाव घेतल्यावर आजोबा बराच वेळ थांबत, ते थांबणेच त्यात उरले नव्हते. तक्रार केल्यावर मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे मिळाले, हे नमूद करायला हवे.

छायाचित्रांची मागील बाजूही स्कॅन करण्यास आधीच लेखी सांगावे, कारण ती आपणहून केली जात नाही. आमच्या एका छायाचित्रामागे पेन्सिलीने पाच नावे लिहिलेली होती, आणि त्यांपैकी दोन नावांपुढे फुली होती.