सिलिंडर हेडचं पोर्टिंग: घरी करायचं की वर्कशॉपला द्यायचं?

पोर्टिंग म्हणजे हेडमधल्या हवा आत येण्याच्या (इनलेट) आणि धूर बाहेर जाण्याच्या (एक्झॉस्ट) वाटा, म्हणजे पोर्ट, घासून नीट करणं. हेड घरी घासायचं की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपला नेऊन द्यायचं, हे ठरवण्याआधी गाडी कशी चालवता ते बघा. लांजा-राजापूर भागातली गाडी वर जाते ती आंबा किंवा अणुस्कुरा घाटाने, पाच माणसं आणि मागे आंब्याच्या पेट्या घेऊन. तिथे इंजिनाने दोन-अडीच हजार आरपीएमलाच ओढायला हवं. इनलेट पोर्ट वाजवीपेक्षा मोठा केला की हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही आणि चढावर गाडी दम टाकते. म्हणून पोर्टिंग म्हणजे भोकं मोठी करणं, हा समज आधी सोडून द्या. काम घरी होवो नाहीतर वर्कशॉपमध्ये, ही गोष्ट दोन्हीकडे लागू आहे.

घरच्या घरी जमण्यासारखं कामही बरंच आहे. जुन्या मारुती ८०० किंवा जिप्सीचं हेड उतरवून व्हॉल्व काढा, टॉर्च मारा आणि सीटच्या, म्हणजे व्हॉल्व टेकतो त्या कड्याच्या, खाली बोट फिरवा. कास्टिंग संपून मशीन केलेला भाग सुरू होतो तिथे बहुतेक वेळा धार लागते. ही धार हळूहळू उतरवली की हवेची वाट मोकळी होते, पोर्टचं माप न वाढवता. त्यासाठी स्पीड कमी-जास्त करता येणारा डाय ग्राइंडर आणि त्यात फिरणारा, ॲल्युमिनियम घासायचा मोठ्या दातांचा कार्बाइड बर घ्या. बारीक दातांच्या बरमध्ये ॲल्युमिनियम भरून बसतं. मोठ्या दातांच्या बरलाही मधूनमधून रॉकेल लावत राहा. सीटला ओरखडा पडू नये म्हणून जुना टाकाऊ व्हॉल्व बसवून ठेवा. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत जाते.

पोर्ट वळून व्हॉल्वकडे येतो तिथली आतली, आखूड बाजू मात्र घरी खोदायला जाऊ नका. हवा त्या वळणाला धरून राहिली तरच पूर्ण भरणा होतो. वळण सपाट झालं की हेड मूळच्यापेक्षा वाईट होतं, आणि काढलेला धातू परत येत नाही. पलीकडे पाण्याचं जॅकेट, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी असते, तिला भोक पडायची भीती वेगळीच.

पॉलिशबद्दलही गैरसमज आहे. आरशासारखं चकचकीत करायचंच असेल तर एक्झॉस्ट करा, तिथे कार्बन कमी धरतो. कार्बोरेटरच्या गाडीचं इनलेट ६० ते ८० नंबरच्या एमरीवर थांबवा. गुळगुळीत भिंतीला पेट्रोल ओलं होऊन चिकटतं.

वर्कशॉपचा खरा फायदा पोर्टच्या लांबीत नसून सीटवर आहे. ३०-४५-६० अंशांचं सीट कटिंग, ढिल्या गाईड (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बदलणं, हेडचं फेसिंग म्हणजे तळ सपाट करणं ही कामं यंत्राशिवाय होत नाहीत. माझ्या मते सर्वांत जास्त फरक व्हॉल्वच्या आसपासच्या बोटभर जागेत पडतो आणि त्यातला निम्मा भाग सीट कटिंगचा असतो. लॅपिंग पेस्ट घेऊन घरी घासल्याने सीट फक्त बसते, तिचा कोन सुधारत नाही. फ्लो बेंच, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र, असलेलं वर्कशॉप मिळालं तर उत्तम. तिथे सगळे पोर्ट सारखे झाले की नाही ते मोजून कळतं. घरी ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली नळी) आणि ॲक्रिलिकची पट्टी घेऊन ज्वलनकक्षांचं आकारमान तेवढं पडताळता येतं. वर्कशॉपचा तोटा म्हणजे घाट चढून दोन खेपा, आणि कामाच्या गर्दीत तुमच्या गाडीचा वापर कोणी विचारत नाही. तो स्वतः सांगा, "रेससाठी नको, घाटासाठी हवं" असं स्पष्ट शब्दांत.

आपल्या हवेचाही विचार करा. समुद्राकाठी उघडं पडलेलं कास्ट आयर्नचं हेड आणि व्हॉल्वच्या सीट लगेच गंजतात. पावसाळ्यात वीज जाते आणि काम अर्धवट राहतं. घरी करणार असाल तर रोज संध्याकाळी इंजिन ऑइलचा हात फिरवून हेड प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

डिझेल बोलेरोसारख्या गाडीच्या इनलेटला हातच लावू नका. अशा डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत पोर्टचं वळण हवेला भोवरा देण्यासाठी मुद्दाम घडवलेलं असतं. नव्या चार-व्हॉल्वच्या पेट्रोल गाड्यांचे पोर्ट कारखान्यातूनच चांगले येतात, तिथे खर्चाच्या मानाने हाती फार लागत नाही.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल, हातात सबुरी असेल आणि एक भंगारातलं हेड सरावाला मिळालं, तर धारा उतरवणं आणि एक्झॉस्टचं पॉलिश घरी करा, मग तेच हेड सीट कटिंग आणि फेसिंगला पाठवा. गाडी रोज लागत असेल तर सगळंच वर्कशॉपला द्या. गॅस्केट जुळवताना गॅस्केटच्या भोकाएवढा पोर्ट कापू नका, ते भोक बहुधा पोर्टपेक्षा मोठंच असतं. हेड चढवताना बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळा. मग कार्बोरेटरचं मिक्श्चर पुन्हा लावून पीयूसी काढून घ्या.