यूके स्पाउस व्हिसा: घरबसल्या ए-१ सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून सावध राहा

नवरा यूकेत, बायको इथे आणि मध्ये ए-१ नावाची इंग्रजीची परीक्षा. या तिढ्यावर एजंट लोकांनी चांगलाच धंदा मांडलाय. माझे साठ हजार त्यात गेले.

आधी परीक्षा काय असते ते सांगते, कारण ते माहीत नसलं की पुढच्या सगळ्या थापा खऱ्या वाटतात. पहिल्या स्पाउस व्हिसासाठी ए-१ या सर्वांत सोप्या पातळीचं फक्त बोलणं आणि ऐकणं तपासतात. वाचन नाही, लेखन नाही. चालणाऱ्या परीक्षांपैकी आयईएलटीएस लाइफ स्किल्स घेतलीत तर खोलीत एक परीक्षक आणि तुमच्यासारखाच आणखी एक उमेदवार असतो. १६ ते १८ मिनिटांत सगळं उरकतं. नाव सांगा, त्याचं स्पेलिंग सांगा, रोजच्या एखाद्या विषयावर थोडं बोला, सोबतच्या उमेदवाराशी प्रश्नोत्तरं करा, रेकॉर्डिंग ऐकून काय कळलं ते सांगा. निकाल पास किंवा नापास. बँड-बिंड, म्हणजे गुणांचे आकडे, काही नसतात.

आमच्या कन्सल्टंटने मात्र पहिल्याच भेटीत कागदावर बँडचे आकडे मांडले. ‘ताई, तुमचं मराठी मीडियम, साडेपाच बँड कुठून आणणार? आणि कोर्स केल्याचं सर्टिफिकेट एम्बसी मागतेच.’ दोन्ही गोष्टी खोट्या. कुठलाही कोर्स बंधनकारक नाही. कोर्सचे पंचवीस हजार घेतले आणि हातात आलं काय, तर व्याकरणाच्या पीडीएफ आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्याच ग्रुपमध्ये एक मुलगी होती, इंग्रजी माध्यमातून इंजिनिअर झालेली. तिने पदवी दाखवून ‘एक्टिस’ या परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूकेच्या संस्थेकडून ती इंग्रजीतून झाल्याचं प्रमाणित करून घेतलं असतं, तर तिला ही परीक्षाच द्यावी लागली नसती. तिच्याकडूनही फी घेतलीच!

मग भीती घालणं सुरू झालं. ‘तयारी कच्ची आहे, नापास झालात तर फाइलवर कायमचा शिक्का.’ असा शिक्का वगैरे नसतो, नापास झालेला माणूस पुन्हा परीक्षेला बसू शकतो. पण घरात सगळ्यांचे चेहरे उतरले आणि नेमकी तेव्हाच त्याने ‘लंडन बोर्डाची ऑनलाइन परीक्षा’ पुढे केली. घरबसल्या, पास होण्याची गॅरंटी, पस्तीस हजार. व्हिडिओ कॉलवर एका माणसाने मला नाव विचारलं, जेवलात का विचारलं, आणि संध्याकाळी सोनेरी मोहोर असलेलं सर्टिफिकेट आलं.

ते रद्दीच्या लायकीचं होतं. यूकेच्या गृहखात्याने मान्यता दिलेल्या मोजक्याच संस्था आहेत, त्यांची यादी सरकारी वेबसाइटवर फुकट वाचता येते, आणि परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष द्यावी लागते. त्यातही मेख आहे. मान्यताप्राप्त संस्थेची प्रत्येक परीक्षा व्हिसासाठी चालत नाही, ‘सेल्ट’ (व्हिसासाठीची सुरक्षित इंग्रजी परीक्षा) प्रकारातली म्हणूनच बुक करावी लागते. अशा परीक्षेला एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि व्हिसा अधिकारी त्यावरून निकाल ऑनलाइन तपासतात. कागदावरच्या सोनेरी मोहोरेला कुणी विचारत नाही.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये त्या क्रमांकाचा रकाना आला आणि एजंट म्हणाला, ‘ते मी भरतो, तुम्ही फक्त पासवर्ड द्या.’ मी दिला नाही. नवऱ्याने तिकडच्या एका सॉलिसिटरला सर्टिफिकेट दाखवलं, तेव्हा सगळं उघड झालं. अर्ज तसाच गेला असता तर २०२५ च्या एप्रिलमध्ये लागू झालेली, तेव्हाची १,९३८ पौंडांची फी बुडाली असती, आणि खोटं कागदपत्र जोडल्याबद्दल दहा वर्षांपर्यंतची बंदी येण्याचा धोका होता तो वेगळाच. बंदी अर्जदारावर येते, एजंटवर नाही.

जाब विचारला तर त्याच्याकडे आणखी एक तोडगा तयार होता: ‘तुमच्या जागी दुसरी मुलगी बसवू.’ २०१४ साली बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमाने लंडनच्या केंद्रांवरचे असेच तोतया उमेदवार छुप्या कॅमेऱ्यात पकडले होते. त्यानंतर हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, आणि आपण स्वतःच परीक्षा दिली होती असं सांगणारे कित्येक जण त्यात वर्षानुवर्षं कोर्टात अडकले. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पुढे मी स्वतः बुकिंग करून परीक्षा दिली, पास झाले. पैसे मात्र परत मिळालेले नाहीत. पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढंच लिहिलंय आणि यूपीआयचे पैसे भलत्याच कुणाच्या तरी खात्यात गेलेत. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार केली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. तिथे उपयोगी पडले ते त्याचे व्हॉइस मेसेज आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट, तेव्हा चॅट डिलीट करू नका. ऑफिस अजून चालू आहे. दारावर आता जर्मनीच्या व्हिसासाठीच्या जर्मन भाषेच्या ए-१ ची पाटीही लागली आहे. त्या परीक्षेत वाचन-लेखनही असतं, म्हणजे दर वाढवायला त्याला खरं कारणही मिळालं.