दस्तऐवजांचे साचे आपोआप: टेम्प्लेट रेपो, कुकीकटर की कॉपियर?

रीडमी (प्रकल्पाची ओळख), इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या, चेंजलॉग (बदलांची यादी), निर्णयांच्या नोंदी: नवा प्रकल्प निघाला की हे सांगाडे दर वेळी हाताने उभे करण्यात वेळ जातो आणि काहीतरी सुटतंच. साधन निवडताना बहुतेक जण साचा किती झटपट उतरतो ते पाहतात, पण तो सगळ्यांतच काही सेकंदांत उतरतो. फरक कळतो तो सहा महिन्यांनी, साच्यात सुधारणा करून ती आधीच्या वीस प्रकल्पांत पोहोचवायची वेळ येते तेव्हा.

कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेवरचा टेम्प्लेट रेपो, म्हणजे साचा म्हणून वापरायचा प्रकल्पाच्या फाइलींचा साठा, सर्वांत सोपा. सेटिंग्जमध्ये एक खूण केली की कुणालाही बटण दाबून त्यावरून नवा रेपो काढता येतो. मात्र फाइली जशाच्या तशा उतरतात. प्रकल्पाचं नाव, परवाना, मालकी हाताने बदलावी लागते. मूळ रेपोचा कमिट इतिहास (नोंदवलेल्या बदलांचा) सोबत येत नाही, त्यामुळे पुढच्या सुधारणा साध्या मर्जने, म्हणजे बदल आपोआप एकत्र करून, आणता येत नाहीत. दोन-तीन प्रकल्प असतील तर एवढंही पुरतं.

त्याच्या पुढे निवड कुकीकटर आणि कॉपियर यांत होते. दोन्ही पायथॉनची, दोन्ही जिंजा टेम्प्लेट (मजकुरातल्या राखीव जागी माहिती भरणारी पद्धत) वापरतात, दोन्ही आधी प्रश्न विचारून मग फाइली भरतात. कुकीकटरचे प्रश्न जेसन फाइलीत, कॉपियरचे वायएमएलमध्ये.

दस्तऐवजांच्या साच्यात पहिली ठेच लागते ती दुहेरी महिरपी कंसांवर, कारण जिंजा भरायची जागा त्यांनीच ओळखतो. कुकीकटर एकूण एक मजकूर फाइल जिंजातून काढतो. गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या) फाइलीत किंवा टेम्प्लेटचीच उदाहरणं देणाऱ्या पानात असे कंस असले, तर तो त्यांना स्वतःचे चल समजतो आणि चूक देतो. मग तो भाग जिंजा जसाच्या तसा सोडतो अशा ‘रॉ’ ब्लॉकमध्ये गुंडाळा, नाहीतर ती फाइल ‘कॉपी विदाउट रेंडर’च्या यादीत टाका. कॉपियर मात्र नावाच्या शेवटी जिंजा असलेल्या फाइलीच भरतो. बाकीच्या हात न लावता उतरवतो.

दुसरी गोष्ट नको असलेल्या पानांची. प्रकल्पाला एपीआय (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा दुवा) नसेल तर एपीआयचं पान कशाला? कॉपियरमध्ये फाइलीच्या नावातच अट लिहिता येते. नाव रिकामं ठरलं की फाइल बनत नाही. कुकीकटरमध्ये साधारणपणे आधी बनवून मग ‘पोस्ट-जेन’ हुकमधून, म्हणजे फाइली बनल्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून, पुसतात. हा हुक पायथॉनमध्ये लिहा, कारण शेल स्क्रिप्ट विंडोजवर अडते.

आणि अपडेट. कुकीकटर फाइली देऊन मोकळा होतो. नंतरचा दुवा ठेवायचा तर क्रफ्ट हे वेगळं साधन जोडावं लागतं. कॉपियरमध्ये अपडेट मुळातच आहे, पण तीन अटींवर. प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची फाइल तयार करणारं टेम्प्लेट साच्यात तुम्ही स्वतः ठेवायचं. ते विसरलात तर अपडेटचा रस्ता बंद. ती फाइल हाताने बदलायची नाही, कारण कॉपियर जुन्या उत्तरांवरून जुना प्रकल्प पुन्हा बनवून फरक काढतो. उत्तर बदललंत की फरकच खोटा निघतो. साच्यातल्या प्रत्येक सुधारणेला गिट टॅग (आवृत्तीची खूण) द्यायचा, कारण वेगळं सांगितलं नाही तर अपडेट शेवटचा टॅग शोधतं आणि नुसत्या कमिटकडे पाहत नाही. प्रकल्प पाचाहून जास्त आणि साचा जिवंत असेल तर कॉपियरच घ्या. एवढी शिस्त त्याच्यासाठी पाळण्यासारखी आहे.

स्फिंक्स आणि डॉक्सिजन यांना या रांगेत उभं करू नका. डॉक्सिजनचा मुख्य उपयोग कोडमधल्या टिप्पण्यांवरून संदर्भपानं काढण्याचा. स्फिंक्स मुख्यतः लिहिलेल्या पानांपासून दस्तऐवज बनवतो आणि ऑटोडॉक या जोडणीने कोडमधल्या टिप्पण्याही घेतो. त्यांची कॉन्फिग फाइल साच्यात घातलेली बरी, कारण डॉक्सिजनमध्ये ‘रिकर्सिव्ह’ मुळात बंद असतं आणि उपफोल्डरांतलं काहीच दिसत नाही. स्फिंक्ससाठी संदर्भपानांच्या फाइली बनवणारा एपीआयडॉक आधीच असलेल्या फाइलींवर फोर्स पर्याय दिल्याशिवाय लिहीत नाही. शिवाय ऑटोडॉक मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतो, म्हणून वरच्या पातळीवर लिहिलेला कोड बिल्डच्या वेळी चालून जातो.

साधन कोणतंही असो, भरायच्या प्रत्येक जागी एकच ठरावीक खूण ठेवा, समजा ‘@भरा@’, आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत) ती शोधून सापडल्यास बिल्ड पाडा. ही तपासणी साच्याच्या पहिल्याच आवृत्तीत घाला.