व्हिटमन मिशनच्या आठवणी: पुनर्मुद्रित प्रत घेताना आधी आकडे तपासा

अप्पा बळवंत चौकात मागणीनुसार छापून मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतली ही एक प्रत. २९ नोव्हेंबर १८४७ ला अमेरिकेतल्या ओरेगॉन भागात डॉक्टर व्हिटमन आणि त्यांची बायको चालवत असलेल्या ख्रिस्ती मिशनवर केयूस या मूळनिवासी लोकांनी हल्ला केला आणि बऱ्याच जणांना ओलीस धरलं, त्यातून वाचलेल्यांच्या या आठवणी. मजकूर अस्सल, छपाई बेभरवशाची.

मूळ पुस्तक नीट दाबून स्कॅन केलं नाही की शिवणीकडची अक्षरं वाकतात, आणि छाटणीत आतला समास आणखी जातो. कादंबरीत एखादं अक्षर गेलं तर भागतं, इथे आकडे जातात. हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डेनने ओलिसांच्या मोबदल्यात दिलेल्या मालात ६२ घोंगड्या, ६३ सुती सदरे, १२ बंदुका आणि ६०० बारांचा दारूगोळा होता. या प्रतीत घोंगड्या ६ च उरल्यात! मृत १३ की १४, हा वाद पीटर हॉलपाशी अडतो. तो हल्ल्यातून निसटून कंपनीच्या फोर्ट वॉला वॉला या ठाण्यापर्यंत पोचला, पुढे निघाला आणि परत कुणाला दिसला नाही. नेमकी त्याच्यावरची तळटीप छाटली गेली आहे.

सेगर भावंडांचं प्रकरण मात्र स्वच्छ छापलंय, आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे. १८४४ मध्ये ओरेगॉनकडे येतानाच्या प्रवासात आईबाप गेले, सातही पोरांना व्हिटमन दांपत्याने सांभाळलं. हल्ल्यात जॉन आणि फ्रान्सिस मारले गेले, लुईस ओलीस असतानाच गोवराने गेली, चार बहिणी महिन्याभराने सुटल्या. ऑस्बर्न कुटुंब फळ्या उचकटून जमिनीखाली लपलं आणि रात्री निसटलं.

नव्या प्रस्तावनेत गोवराला जेमतेम दोन ओळी. स्थलांतरितांबरोबर आलेल्या या साथीला केयूसांकडे प्रतिकारशक्तीच नव्हती. त्यांची माणसं पटापट मेली, गोऱ्यांची बरीच मुलं बरी झाली, आणि रोगी दगावला तर वैद्याला मारण्याची त्यांच्यात रीत होती. डॉक्टर व्हिटमनवर संशय का आला, ते याशिवाय कळत नाही. ३ जून १८५० ला ओरेगॉन सिटीत या हल्ल्यासाठी पाच केयूसांना फाशी दिलं, त्याचा तर उल्लेखही नाही.

कागद ७० जीएसएम, ठीक. बाइंडिंग नुसतं चिकटवलेलं; पान सपाट उघडलं की कणा तडकतो, म्हणून शिवून मागा. घडीचा नकाशा एका पानात कोंबलाय, तो ए-थ्रीवर वेगळा काढून घ्या. पैसे देण्याआधी मृतांची यादी आणि मालाची यादी, ही दोन पानं दुकानातच उघडून बघा.