खुब्याचं ऑपरेशन: आज रात्री, उद्या सकाळी की उद्या दुपारी?

संध्याकाळी एक्स-रे येतो, खुबा मोडलेला दिसतो आणि डॉक्टर विचारतात, "आज रात्रीच घेऊ, की उद्याच्या लिस्टला लावू?" हा निर्णय मी दोनदा घेतलाय, आधी वडिलांसाठी, मग आईसाठी. मी डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. त्यामुळे इथली तुलना त्या मुदतीतलीच. शुक्रवारी रात्री पडलेल्या माणसाला "सोमवारी सकाळी पहिला नंबर" मिळत असेल, तर तो घेऊ नका.

रात्री करण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. मोडलेल्या खुब्यासह काढलेली रात्र फार वाईट असते. कूस बदलता येत नाही, बेडपॅन सरकवतानासुद्धा माणूस कळवळतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' चाचणीत १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण लवकर झालेल्यांमध्ये भ्रम, म्हणजे माणूस अचानक गोंधळून असंबद्ध वागायला लागणं, कमी झाला आणि ती माणसं लवकर उभी राहिली. माझं मत सकाळच्या पहिल्या नंबराच्या बाजूने आहे आणि ही त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. फक्त ती चाचणी किती तासांत याची होती, घड्याळात किती वाजले होते याची नव्हे. रात्री घ्यायचं तर नेहमीचे सर्जन आणि वयस्कांची सवय असलेले भूलतज्ज्ञ स्वतः असणार का, हे विचारायला संकोच करू नका. उत्तर ठाम "हो" आलं, तर रात्रही चालेल.

दुपारबद्दल मात्र माझं मन साफ नाही. वडिलांचं ऑपरेशन दुपारी दोनला ठरलं होतं. मध्यरात्रीपासून "तोंडावाटे काही नको". दोनचे चार झाले, चारचे साडेसहा. आधीची केस लांबली, मध्येच एक अपघाताची केस आली. त्यात कुणाचा दोष नव्हता. पण ते अठरा तास पाण्याविना होते. ओठांना पापुद्रे आलेले. मी ओला कापूस फिरवायचो आणि ते तो दातांत धरून चोखायचे. संध्याकाळ झाली तसे चादरीवरून नसलेल्या काड्या वेचायला लागले, मला धाकट्या काकाच्या नावाने हाका मारायला लागले. ऑपरेशन उत्तम झालं. भ्रम उतरायला चार दिवस लागले आणि तेवढे दिवस ते वॉकरला हात लावेनात. भ्रम उपासामुळेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वय होतं, वेदना होत्या, औषधंही होती. पण निर्जलीकरण हे भ्रमाचं ओळखीचं कारण आहे, आणि मला ते दृश्य विसरता आलेलं नाही.

नंतर कळलं की सर्वसाधारण नियमानुसार जेवण ६ तास आधी थांबवतात, पण साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. अपवाद असतात, ते भूलतज्ज्ञ सांगतील. मध्यरात्रीपासून सरसकट उपास ही निव्वळ सवय आहे.

आईच्या वेळी म्हणून सकाळचा पहिला नंबर मागून घेतला. रात्री मांडीच्या वर नस बधिर करणारं इंजेक्शन मिळालं, तिला चार तास झोप लागली. पहाटे साडेपाचला नर्सना विचारून मी चमच्याने पाणी पाजलं. आठला आत, साडेदहाला बाहेर. जागी झाली तेव्हा खिडकीत ऊन होतं, समोर मी होतो आणि दिवसपाळीचे सगळे जागेवर होते. पहिला नंबरही कधी मागे ढकलला जातो. तसं झालं तर पाणी पुन्हा कधी देणार, हे मी आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं.

दुपारी तिने चहा मागितला. दुसऱ्या दिवशी अकराला फिजिओथेरपिस्टचा हात धरून ती पलंगाशेजारी उभी राहिली.