आर्डुइनोचं स्टार्टर किट : आठ महिने वापरल्यानंतर

आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम लिहून दिवे, सेन्सर, मोटर चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याचं शिकाऊ किट घेतलं तेव्हा मला रेझिस्टरवरचे रंगीत पट्टेसुद्धा वाचता येत नव्हते. आज त्याच बोर्डावर तयार केलेला, खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डबा टेबलावर आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आतला बोर्ड म्हणजे आर्डुइनोच्या 'ऊनो' या बोर्डाची प्रतिकृती. त्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप, वायरी जोडायला १४ डिजिटल पिना (फक्त ० किंवा १ ओळखणाऱ्या), ६ अ‍ॅनालॉग (कमीजास्त व्होल्टेज मोजणाऱ्या). सोबत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करायची छिद्रांची पाटी), जंपर वायरी, एलईडी, बटणं, तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी ११ सेन्सर, छोटी सर्वो मोटर (सांगू त्या कोनात फिरणारी) आणि १६ अक्षरांच्या २ ओळी दाखवणारा एलसीडी.

पहिली संध्याकाळ केबलने खाल्ली. बोर्डावरचा दिवा लागत होता, पण कॉम्प्युटरवर पोर्ट दिसेना. मी ड्रायव्हर तीनदा टाकला. शेवटी कळलं की हाताला आलेली ती घरातली जुनी केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. किटमधली केबल लावल्यावर काम झालं. प्रतिकृती बोर्डांवर बहुधा सीएच ३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर काही वेळा वेगळा टाकावा लागतो, हेही पुस्तिकेत नव्हतं.

पुस्तिकेवर माझा खरा राग आहे तो बटणाच्या धड्यामुळे. आकृतीत बटणाचं एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरं पिनला जोडलेलं, बस्स. तसं जोडलं तर बटण न दाबताही एलईडी लुकलुकायचा, वायरीजवळ बोट नेलं की जास्तच. बटण सुटलेलं असताना पिन कशालाच जोडलेली नसते, अधांतरी असते. आसपासचा विद्युत गोंगाट ती कधी ० तर कधी १ म्हणून वाचते. तिला रेझिस्टरने ग्राउंडकडे, म्हणजे ० व्होल्टकडे, ओढून ठेवावं लागतं. किंवा चिपच्या आतला पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालू करायचा आणि बटण ग्राउंडला जोडायचं. मग मात्र दाबल्यावर ० मिळतो, हे ध्यानात ठेवायचं. हे समजायला मला चार दिवस लागले. पण इलेक्ट्रॉनिक्स मला आवडायला लागलं ते त्याच चार दिवसांत.

ब्रेडबोर्ड चांगला घट्ट आहे. फक्त त्याच्या कडेच्या, वीजपुरवठ्याच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या आहेत, तिथे दोन छोट्या वायरी टाकून घ्या. सर्वो थेट बोर्डाच्या ५ व्होल्टवर लावली की फिरताना बोर्ड रीसेट व्हायचा, कारण सुरू होताना मोटर एकदम जास्त करंट ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. तिला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा दिला, दोन्हींची ग्राउंड एकत्र जोडली, आणि त्रास संपला. डीएचटी ११ शिकायला ठीक, पण त्याची अचूकता २ अंश इकडेतिकडे. डब्यासाठी मी नंतर त्याहून अचूक असा डीएचटी २२ बसवला.

प्रोग्रामिंगमध्ये मोठी पायरी होती 'डिले' (ठरावीक वेळ थांबायला सांगणारी आज्ञा) सोडून 'मिलिस'वर (बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी आज्ञा) येण्याची. डिले चालू असताना प्रोग्राम पुढे सरकतच नाही, त्यामुळे बटणाकडे लक्ष द्यायला कुणी उरत नाही. पण मिलिस वापरायला लागले, तर माझा डबा अर्ध्या मिनिटाने बिघडायचा, दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने. त्या नियमितपणामुळेच चूक सापडली: मी वेळ 'इंट' या पूर्णांक साठवायच्या प्रकारात ठेवत होते, आणि ऊनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो, म्हणजे मिलिसेकंदांत जेमतेम ३३ सेकंद. त्याऐवजी खूप मोठे आकडे मावणारा 'अनसाइन्ड लाँग' प्रकार केल्यापासून डबा आठवडेच्या आठवडे चालतो आहे.

घ्यावं का? जरूर घ्या, पण त्याच दिवशी एक साधा मल्टिमीटरही घ्या. तो किटमध्ये नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. पट्टी तुटलेली आहे की नाही, ५ व्होल्ट खरोखर ५ आहेत का, हे मला दोन महिने अंदाजाने ठरवावं लागलं.

आणि घेताना चिप सॉकेटमध्ये बसवलेली लांबट, पायांची आहे का ते बघा. माझी तशी आहे. मध्यंतरी एका चुकीच्या जोडणीत ती जळली, तेव्हा बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली नवी चिप बसवली आणि बोर्ड पुन्हा चालू झाला. सध्या तीच नवी चिप बोर्डातून काढून, १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल (चिपला ठोके देणारा) आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावून नुसत्या ब्रेडबोर्डवर चालवते आहे.