स्वतःचा बँड की गायकामागची गिटार? पुण्यात राहून ठरवणाऱ्यांसाठी

पुण्यात इलेक्ट्रिक गिटार बऱ्यापैकी वाजवणाऱ्याला तिशीच्या आत हा प्रश्न पडतोच. कॉलेजात फिरोदिया करंडकाची स्पर्धा होते, चार मित्रांचा रॉक बँड उभा राहतो, बाणेर-मुंढव्याच्या पबमध्ये एखादा शनिवार मिळायला लागतो. आणि मग एखाद्या नावाजलेल्या गायकाच्या संगीत संयोजकाचा फोन येतो, ‘नवरात्रापासून मार्चपर्यंत मोकळा आहेस का?’ हो म्हटलं तर बँडची रिहर्सल कोलमडते. नाही म्हटलं तर तो फोन पुन्हा येईलच असं नाही.

मी दोन्हीकडे वाजवलं आहे, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही गाणी रचत असाल तर बँड धरा. उत्तम वाजवत असाल पण रचत नसाल, तर गायकामागे उभे राहा आणि ते काम मान वर करून करा. पैसा, प्रवास, नाव या सगळ्या गोष्टी पुढे याच फरकावर येऊन थांबतात.

पैसा

गायकामागे वाजवताना हिशेब सरळ असतो. आयोजकानं सुपारी दिली, तारीख ठरली, तुमचं पाकीट म्हणजे मानधन ठरलं. प्रवास, राहणं, जेवण तुमच्या खिशातून जात नाही. कार्यक्रम पडो वा रंगो, तुमचे पैसे ठरलेले. मात्र पाकीट कधी मिळणार, हे आधी विचारून घ्या. त्याच रात्री, की आयोजकाचा चेक वटल्यावर? या क्षेत्रातली निम्मी भांडणं याच एका न विचारलेल्या प्रश्नावरून होतात.

बँडचं गणित कागदावर मांडून बघा. समजा बंगळूरच्या एका कॅफेनं तुमच्या बँडला ५०,००० रुपये कबूल केले. राहणं त्यांचं, प्रवास तुमचा. पाच वादक आणि एक साउंड इंजिनीअर, असे सहा जण. जाण्यायेण्याचे माणशी ५,००० धरले तरी ३०,००० गेले. जादा सामान आणि टॅक्सीचे ६,०००, इंजिनीअरचे ६,०००. उरले ८,०००. पाच जणांत वाटले की प्रत्येकाच्या हाती १,६०० येतात, आणि त्यासाठी दोन दिवस गेलेले असतात. बँड एका कार्यक्रमासाठी लांब जात नाहीत ते यामुळेच. गुरुवारी हैदराबाद, शुक्रवारी बंगळूर, शनिवारी चेन्नई अशी माळ लावली तर पुण्याहून जाण्यायेण्याचा मोठा खर्च तीन कार्यक्रमांत विभागतो आणि दौऱ्याला अर्थ येतो. माळेतला मधला कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर मात्र तोटा पूर्ण तुमचा. म्हणून अर्धा अॅडव्हान्स खात्यात आल्याशिवाय तिकिटं काढायची नाहीत.

ऑनलाइन ऐकल्या जाण्यातून खर्च भागेल असं धरून चालू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नसतील तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. पूर्वी रॉक बँड रेकॉर्ड खपवण्यासाठी दौरे काढत. आता दौऱ्यावर बोलावणं यावं म्हणून गाणी बाहेर काढावी लागतात. टी-शर्ट विकून दोन पैसे मिळतात. चांगला छापलेला टी-शर्ट कधीकधी कॅफेच्या मानधनापेक्षा जास्त देऊन जातो.

वर्षाचं कॅलेंडर

गायकामागचं काम आपल्या सणावारांवर चालतं. गणपतीचे दहा दिवस, मग पितृपक्षात शुकशुकाट, नवरात्र, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांची स्नेहसंमेलनं आणि महोत्सव. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हाची बेगमी हिवाळ्यात करून ठेवावी लागते. दिवाळी पहाटेला साडेपाचला स्टेजवर असायचं म्हणजे साउंड चेक मध्यरात्रीनंतर. डिस्टॉर्शनचा पेडल बॅगेतच राहतो आणि स्वच्छ टोनवर अभंगाला साथ करावी लागते. याला कमी लेखू नका. अभंगाच्या मागे नेमके चार सूर, नेमक्या जागी वाजवणं हे सोलोपेक्षा अवघड आहे.

बँडच्या बाजूला हंगाम छोटा आणि दारं थोडी. पुण्याला या बाबतीत मान आहे, एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये इथेच सुरू झाला. मुंबईचा इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तर १९८६ पासूनचा. पण मोठे महोत्सव एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात संध्याकाळची वेळ मिळायला वर्षं जातात. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस ती बारापर्यंत शिथिल करू शकतं. त्यामुळे कार्यक्रम लांबला की कात्री पहिल्यांदा नव्या बँडच्या वेळेला लागते. पाऊण तास म्हणून गेलेल्यांना वीस मिनिटांत आवरावं लागतं.

भाषेचाही विचार याच ठिकाणी करायला हवा. इंग्रजी मेटल वाजवणाऱ्या बँडला पुणे, मुंबई, बंगळूर, शिलाँग असा विरळ पण निष्ठावान श्रोता मिळतो. पुण्याच्या अग्नी या बँडनं हिंदीत गाणी केली आणि देशभर पोचले. मुंबईच्या अभंग रिपोस्ट या बँडनं संतांचे शब्द गिटार-ड्रम्सवर घेतले. मराठीत गाणारा रॉक बँड जिल्ह्याच्या गावी जाऊ शकतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

स्टेजवर काय लागतं

बँडमध्ये तुमचा आवाज म्हणजे टोन, तीच ओळख. गायकामागे मात्र एकाच संध्याकाळी तुम्हाला दहा जणांचे आवाज काढायचे असतात. सत्तरच्या दशकातली नायलॉनच्या तारांची गिटार, नव्वदीतला कोरस इफेक्टचा घुमारा, आजचा जड रिफ, सगळं एकाच प्रोसेसरमध्ये साठवलेल्या आवाजांमधून. कानात लयीचा क्लिक वाजत असतो आणि आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक सुरू झाला की तो कुणासाठी थांबत नाही.

एक प्रसंग ज्याला झेपतो तो या कामात टिकतो. साउंड चेक झालेला असतो, गाणी ‘काळी चार’च्या पट्टीत बसवलेली असतात. प्रेक्षक आत यायला लागतात, तेवढ्यात गायिका घशाला हात लावून म्हणते, ‘आज काळी तीन करू या.’ म्हणजे जी शार्पवरून एफ शार्पवर, पूर्ण दोन फ्रेट खाली. मोकळ्या तारांवर बेतलेली तुमची सगळी वळणं गेली. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. तुम्ही कॅपो, म्हणजे पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, लावून वाजवत असाल तर तो दोन घरं मागे जातो. कॅपो नसेल तर पडदा उघडायच्या आत प्रत्येक कॉर्डची नवी जागा डोक्यात बसवायची. बँडमध्ये हे सहसा होत नाही, कारण पट्टी तुमच्याच गायकाच्या गळ्यावरून ठरलेली असते. पण जे बँडमधून थेट या कामात आले, ते इथेच अडखळताना मी पाहिले आहेत. काळी-पांढरी पट्टी तोंडपाठ नसेल तर आधी ती करा.

गाणं कुणाचं

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान याच्यातून होतं.

आपल्या कायद्यात एका रेकॉर्ड केलेल्या गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण. चालीचा हक्क संगीतकाराचा, शब्दांचा गीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पैसे घालून ते करवून घेतलं त्याचा. चाल आणि शब्द यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला की कंपनीला तो करारानं काढून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सदस्य होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात.

आता यात गिटारिस्ट कुठे आहे? चाल तुमची असेल तर पहिल्या रांगेत. नसेल तर तुमचा सोलो कितीही गाजला तरी चालीच्या रॉयल्टीत तुमचं नाव आपोआप येत नाही. कायदा वादकालाही ‘कलाकार’ मानतो आणि सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरात त्याला रॉयल्टीचा हक्क देतो. पण प्रत्यक्षात स्टुडिओत एकरकमी पैसे हातात पडतात आणि विषय संपतो. गायकामागच्या कामात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे फसवणूक वाटत नाही. कष्ट केले, पाकीट घेतलं.

बँडमध्ये मात्र ‘आपण सगळे एकच’ म्हणत कुणी काही लिहून ठेवत नाही. प्रोकोल हॅरम या इंग्लिश बँडच्या १९६७ च्या एका गाजलेल्या गाण्यात ऑर्गनची जी सुरावट आहे, ती वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरचं नाव श्रेयात नव्हतं. तो कोर्टात गेला आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याचा हक्क मान्य झाला. मधे चार दशकं गेली. द स्मिथ्स या इंग्लिश बँडच्या ड्रमर माइक जॉइसला रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतला चौथा हिस्सा मिळवायला १९९६ मध्ये खटला जिंकावा लागला, तोवर बँड फुटून नऊ वर्षं झाली होती. उलट क्वीन या बँडनं १९८९ पासून गाणी चौघांच्या नावानं द्यायला सुरुवात केली आणि कुणाचं गाणं सिंगल म्हणून निघणार यावरची भांडणं मिटवली.

म्हणून बँड निवडणार असाल तर पहिलं गाणं बाहेर काढण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. चालीत कुणाचा किती वाटा, शब्द कुणाचे, रेकॉर्डिंगला पैसे कुणी घातले, आणि कुणी सोडून गेला तर बँडचं नाव कुणाकडे राहणार. मित्रांमध्ये हे बोलायला जड जातं. तरीही बोला. गाणं न गाजलेलं असतानाच हे शांतपणे बोलता येतं.

शरीर

कान दोन्हीकडे जातात, बँडमध्ये लवकर. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. छोट्या पबमध्ये झांजांना खेटून उभं राहणाऱ्याला रोज यापेक्षा जास्त मिळतं. ‘द हू’ या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड कित्येक वर्षं कानातल्या शिट्टीबद्दल बोलत आला आहे. मोठ्या गायकाच्या कार्यक्रमात इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, असतात आणि अॅम्प स्टेजवर नसतोच, हा त्या बाजूचा खरा फायदा. बँडवाल्यांनी संगीतकारांसाठीचे इअरप्लग पहिल्या कमाईतून घ्यावेत, नव्या पेडलच्या आधी.

दुसरा धोका विजेचा. जनरेटरवर चालणाऱ्या मैदानी कार्यक्रमात अर्थिंग धड नसलं तर तारांवर बोटं असताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीला स्टेजवर असाच गेला. गिटारच्या बॅगेत टेस्टर ठेवा. साउंड चेकला उलट्या हातानं आधी माइक चाचपून बघायची सवय काहींना असते. त्यापेक्षा टेस्टर बरा.

आणि रात्रीचा प्रवास. सोलापूर किंवा कोल्हापूरचा कार्यक्रम साडेदहाला संपतो, सामान आवरून जेवून निघायला एक वाजतो, आणि सकाळी पुण्यात पोचायचंच असतं. सगळे झोपलेले, जागा फक्त ड्रायव्हर. गायकाच्या गाडीत तुमचं कुणी ऐकेल असं नाही. स्वतःच्या बँडमध्ये ‘राहू आणि सकाळी निघू’ हे ठरवणं तुमच्या हातात असतं. खोलीचं भाडं जाईल, जाऊ द्या.

हिंजवडीत नोकरी असेल तर

नोकरी आणि बँड एकत्र चालतात, कारण बँडचे कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी असतात आणि रिहर्सल रात्री जॅमपॅडवर, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत होते. नोकरी आणि गायकामागचं काम चालत नाही. मंगळवारी जळगाव, गुरुवारी परभणी अशा तारखा येतात आणि दोन वेळा नकार दिला की तुमच्या जागी दुसरा गिटारिस्ट रुळतो. तेव्हा राजीनाम्याचा विचार गायकामागच्या कामासाठी करायचा असेल, तर आधी रजा टाकून एक नवरात्र-दिवाळीचा हंगाम करून बघा. त्या काळात पुन्हा बोलावणारे किमान तीन संयोजक मिळाले तर पुढचं बोलू. एकाच गायकावर संसार उभा करू नये. त्याचा घसा बसला की दहा घरांची कमाई थांबते.

राजीनामा द्यायच्या आधी घराचं कर्ज घ्यायचं असेल तर घेऊन टाका. पाकीट बरेचदा रोखीत येतं आणि बँकेला ते दिसत नाही. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. मानधन शक्यतो खात्यात घ्या, कापलेला टीडीएस विवरणपत्रात दाखवा, आणि प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, गाव, रक्कम, कुणाकडून, असं एका वहीत पहिल्या दिवसापासून लिहायला लागा.